आधी श्वास सोडा

यंदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला जो प्रश्न सारखा विचारला गेला तो सायकलबद्दल नव्हता आणि धावण्याबद्दलही नव्हता. "पाण्यात भीती नाही का वाटली?" एवढेच बहुतेकींना जाणून घ्यायचे होते. विचारणाऱ्यांत बायकाच अधिक, आणि त्यांतल्या निम्म्या माझ्याच वयाच्या, म्हणजे सत्तरीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. हातात मोदक घेऊन उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. "वाटली, चांगलीच वाटली," एवढे सांगून मी पुढे सरकले. संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरवले, की बाकीचे सगळे थोडक्यात आटपायचे आणि पाण्याबद्दल नीट लिहायचे.

ट्रायथलॉन म्हटले की आपल्या लोकांना एकदम 'आयर्नमॅन' आठवतो. मिलिंद सोमणने २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि हा शब्द मराठी घरांत शिरला. २०१९ मध्ये गोव्यात अर्ध्या अंतराची आयर्नमॅन सुरू झाली, तेव्हापासून तर प्रत्येकाचा एखादा भाचा नाहीतर पुतण्या तिच्या तयारीत असतो. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. माझा त्याच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी मला 'आयर्नलेडी' करून ठेवले आहे. मी केली ती शिकागो ट्रायथलॉनमधली 'स्प्रिंट', म्हणजे धाकटी शर्यत. तिचे सर्वसाधारण माप ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असे असते. रस्त्याच्या सोयीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. ऑलिंपिकमध्ये याच्या दुप्पट असते. चपळ तरुण मंडळी स्प्रिंट तासा-सव्वा तासात संपवतात. मला अडीच तास लागले.

घड्याळ मात्र पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत थांबत नाही. पाण्यातून बाहेर येऊन तुम्ही पाय पुसता, मोजे शोधता, हेल्मेटचा बंद लावता, तो सगळा वेळ शर्यतीतच धरला जातो. पूर्वी लग्नघरी जेवणावळींच्या मधल्या वेळात बायका नऊवारी बदलून पुन्हा वाढायला उभ्या राहायच्या, त्यांना हे चांगले जमले असते.

या खेळाचा जन्म माझ्या तरुणपणातला आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी, बुधवारी संध्याकाळी, सॅन डिएगोच्या मिशन बे येथे तिथल्या ट्रॅक क्लबने पहिली ट्रायथलॉन भरवली. नेहमीच्या धावण्याच्या सरावाचा कंटाळा आलेल्या जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन यांची ही कल्पना. ४६ जण उतरले. शेवटच्या लोकांना पाण्यात अंधार झाला, म्हणून मोटारींचे दिवे पाण्याकडे वळवावे लागले. त्या ४६ जणांत जॉन आणि जुडी कॉलिन्स हे जोडपे होते. पुढे त्यांनीच १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन सुरू केली. तिथे सुरुवातीला उभे राहिलेले पंधराच्या पंधरा पुरुष. दुसऱ्या वर्षी लिन लमेअर नावाची एक बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. २००० साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये गेली, तेव्हा बायकांची आणि पुरुषांची शर्यत एकाच अंतराची होती. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बायकांसाठी वेगळे, सोपे, छोटे असे काही करण्याची पद्धत या खेळाने फारशी लावलीच नाही.

आता पाणी.

मी सांगलीची. कृष्णेच्या घाटावर आमच्या पिढीतली मुले उन्हाळ्यात पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकत. मोठी मुले लहानांना सरळ ढकलून देत, आणि आठवड्याभरात भोपळे सुटत. मुली त्याच घाटावर असत, पण पायऱ्यांवर, धुणे घेऊन. कोणी 'पोहू नका' असे सांगितल्याचे मला आठवत नाही. सांगायची वेळच आली नाही. गुडघ्याच्या वर पाणी आले की आई हाक मारी. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलींपैकी पोहता येणारी एकही नव्हती. आज शिकागोच्या उपनगरांत आपल्या मंडळातल्या साठीपुढच्या किती बायकांना पोहता येते ते एकदा मनात मोजून पाहा. मुलांना आपण सगळ्यांनी आवर्जून शिकवले. गाडीतून नेले, टॉवेल धरून काठावर बसलो, आणि आपण काठावरच राहिलो.

सहासष्टाव्या वर्षी मी आमच्या गावच्या वायएमसीएमध्ये प्रौढांच्या वर्गात नाव घातले. शिकवणारी मुलगी पंचवीस वर्षांची. तिने पहिले दोन आठवडे एकच गोष्ट करून घेतली: भिंत धरायची, तोंड पाण्यात घालायचे आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे. पाय मारणे नाही, हात मारणे नाही. माझ्याबरोबरचे दोन जण कंटाळून गेले. मी टिकले, कारण ती काय करते आहे ते मला कळत होते. तीसेक वर्षे मी विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे.

पाण्यात जीव घाबरा होतो तो प्राणवायू संपल्यामुळे, असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. नव्या माणसाचे तोंड पाण्यात गेले की तो आपोआप श्वास धरून ठेवतो. छाती भरलेली असते, रक्तात प्राणवायू पुरेसा असतो. पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाट नसते. तो रक्तात वाढला की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र 'श्वास घे' म्हणून ओरडू लागते. मग माणूस तोंड वर काढतो आणि आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबायला बघतो. ती मावत नाही. तेव्हा वाटते की आपण गुदमरलो. दमछाक होते ती इथे, दंडात आणि पायांत नव्हे. उपाय अगदी साधा आहे: पाण्याखाली सतत, सावकाश श्वास सोडत राहायचे. बाहेर तोंड वळवाल तेव्हा छाती रिकामी असेल, हवा आपसूक आत येईल. आपल्यापैकी ज्यांनी प्राणायाम केला आहे त्यांना सांगायला सोपे जाते. पाण्यात कुंभक नको, रेचक हवा. हे मी त्या मुलीला सांगितले तेव्हा तिने रेचक हा शब्द वहीत लिहून घेतला.

पंचवीस यार्डांचा तलाव एका दमात पार करायला मला सात महिने लागले. ७५० मीटर न थांबता पोहायला अडीच वर्षे. ही गती कोणाला सांगण्यासारखी नाही, पण तुमच्या मनात काही असेल तर खरा आकडा माहीत असावा.

तलाव आणि सरोवर यांत मात्र मोठा फरक आहे. तलावाच्या तळाला काळी रेघ असते, ती बघत सरळ जाता येते. मिशिगन सरोवरात तोंड पाण्यात घातले की हिरवट अंधार, आणि स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. दर दहाबारा हातांनी मान वर काढून पुढचा नारिंगी फुगा कुठे आहे ते बघावे लागते. शिवाय हे सरोवर लहरी आहे. ऑगस्टच्या शेवटी काठाजवळचे पाणी एरवी सुखाचे असते, पण जमिनीकडून वारा सुटला की वरचे ऊबदार पाणी आत ढकलले जाते आणि खालचे गार पाणी वर येते. काल टाकलेला पाय आज काढून घ्यावासा वाटतो. गेली दोन वर्षे मी उन्हाळ्यात ओहायो स्ट्रीट बीचवर सरावाला जाते. तिथे धक्क्याच्या कडेने पोहणाऱ्यांची सकाळी चांगली वर्दळ असते. एकटीने कधी उतरायचे नाही, आणि कमरेला दोरीने बांधलेला रंगीत फुगा मागे तरंगत ठेवायचा, हे दोन नियम मी मोडलेले नाहीत.

गार पाण्याचे शास्त्र इथे सांगितलेच पाहिजे, कारण ते जिवाशी निगडित आहे. अंगाला एकदम गार पाणी लागले की माणूस आधी एक मोठा हुंदका घेतल्यासारखा श्वास ओढतो, मग धापा टाकू लागतो आणि हृदय वेगाने धावते. इंग्लंडच्या पोर्टस्मथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी आयुष्यभर याचा अभ्यास केला. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. दुसरीकडे, तोंड पाण्यात जाऊन श्वास रोखला गेला की शरीर उलट आज्ञा देते: हृदय हळू कर. देवमासे आणि सील यांच्याकडे ही सोय मोठ्या प्रमाणावर असते, आपल्याकडे थोडी उरली आहे. म्हणजे एकाच वेळी एक मज्जातंतू हृदयाला चाबूक मारतो आणि दुसरा लगाम ओढतो. टिप्टन आणि शॅटक यांनी २०१२ मध्ये मांडले, की या ओढाताणीत हृदयाचा ठोका चुकू शकतो, आणि ज्याच्या हृदयात आधीच काही दोष लपलेला असेल त्याला ते महागात पडू शकते.

हे कागदावरचे भय नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या दुर्घटनांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक मृत्यू किंवा हृदय बंद पडण्याच्या १२० घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. पोहणे हा शर्यतीचा सगळ्यांत छोटा भाग, आणि तीन चतुर्थांश घटना त्यात. एकूण धोका लाखात दोनपेक्षाही कमी, बायकांना तर पुरुषांहून पुष्कळच कमी. पण साठीपुढच्या पुरुषांमध्ये तो लाखात १८.६ इतका निघाला. ज्यांची शवचिकित्सा झाली त्या ६१ जणांपैकी २७ जणांच्या हृदयात किंवा रक्तवाहिन्यांत दखल घेण्याजोगा दोष आढळला. त्यातल्या किती जणांना तो आधी ठाऊक होता, कोण जाणे.

आपल्या लोकांनी हे आकडे दोनदा वाचावेत. दक्षिण आशियाई माणसांत हृदयविकार लवकर गाठतो, हे आपण प्रत्येकाने आपापल्या नात्यागोत्यात पाहिलेलेच आहे. २०१० पासून आपल्या शिकागोतले नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि सॅन फ्रान्सिस्कोचे विद्यापीठ मिळून अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा दीर्घ अभ्यास करत आहेत. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'मसाला' असा शब्द होतो. नाव ऐकून हसू येते, विषय हसण्याचा नाही. शर्यतीत नाव घालण्याआधी मी धावपट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची चाचणी करून घेतली, रक्तदाब आठवडाभर घरी मोजला. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी 'या वयात चालणे पुरे' म्हणून विषय संपवला होता. मी उठले नाही. अर्ध्या तासाने चिठ्ठी मिळाली. तुम्हीही उठू नका. आणि चाचणीत काही निघाले तर शर्यत सोडून द्या. पोहणे शिकायला मात्र तरीही हरकत नसते, डॉक्टरांना विचारून.

आणखी एक लक्षण सांगून ठेवते, कारण ते बायकांमध्ये, वय झालेल्यांत आणि रक्तदाब असलेल्यांत अधिक आढळते. गार पाण्यात पोहताना रक्त हातापायांतून छातीकडे सरकते, फुप्फुसांतल्या वाहिन्यांवर ताण येतो आणि कधीकधी फुप्फुसांत पाणी झिरपते. खोकला येतो, छातीत घरघर होते, थुंकी गुलाबी दिसते. असे झाले तर पाण्यात एक क्षणही थांबायचे नाही, हात वर करायचा.

शर्यतीचा दिवस ऑगस्टमधला रविवार. पहाटे चारला आम्ही ग्रँट पार्कमध्ये. बटलर फील्डवर हजारो सायकली लोखंडी दांड्यांना टांगलेल्या, त्यांच्याखाली आपापले टॉवेल अंथरून लोक बूट, मोजे, हेल्मेट मांडत होते. अंधारात, कपाळाला दिवे बांधून. पंढरपूरच्या वाळवंटात पहाटे असेच दिसत असावे. एका स्वयंसेविकेने माझ्या पोटरीवर मार्करने माझे वय लिहिले: ७२. मी एकाहत्तर वर्षांची आहे. पण इथे वर्षअखेरीस जे वय होणार तेच धरतात. सौभाग्य, नोकरी, पदव्या, कशाचीही नोंद नाही, फक्त वय, तेही पुढून येणाऱ्याला न दिसता मागून येणाऱ्याला दिसेल असे. दिवसभरात सत्तरएक जण मला मागे टाकून जाताना ते वाचून काहीतरी बोलले. बहुतेकांनी 'प्रेरणादायी' हा शब्द वापरला. या शब्दाचा मला कंटाळा आहे. आपल्याला करायचे नसते तेव्हा माणूस दुसऱ्याला प्रेरणादायी म्हणतो.

वेटसूट म्हणजे रबराचा अंगाला चिकटणारा पोशाख. ऊब देतो, तरंगायलाही मदत करतो, म्हणून पाणी ७८ अंश फॅरनहाइटपर्यंत असेल तरच तो घालून बक्षिसासाठी स्पर्धा करता येते. त्या दिवशी पाणी सत्तरच्या आसपास होते. घालायला वीस मिनिटे. पायावर प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सुळकन आत जातो, ही युक्ती मुलीने सांगितली होती. पटेल ब्रदर्सच्या पिशवीचा इतका उत्तम उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

पोहायचा मार्ग मन्रो हार्बरमध्ये धक्क्याच्या कडेने. ही शिकागोची मोठी सोय, कारण प्रेक्षक अगदी वरून चालत असतात. हे माझ्या बरोबरीने चालत होते, पण सगळ्या टोप्या एका रंगाच्या असल्यामुळे बराच वेळ भलत्याच बाईला मराठीतून प्रोत्साहन देत होते, असे नंतर कळले.

पहिली शंभर मीटर नीट गेली. मग मागून सुटलेली तरुणांची तुकडी आली. वेगळ्या रंगाच्या टोप्या दोन्ही बाजूंनी, वरून, खालून. कोणाचा तरी हात माझ्या डोक्यावर पडला. त्यात कोणाची चूक नव्हती, त्यालाही पुढचे दिसत नव्हते. मी पाणी प्यायले. आणि मग ते सुरू झाले. छातीवर कोणी पाट्याचा दगड ठेवावा तसे. वेटसूटची कॉलर गळ्याला आवळते आहे, ती फाडून काढावी, असे वाटू लागले. कानात हृदयाचे ठोके. तीस वर्षे जे फळ्यावर काढले ते सगळे माझ्या अंगात चालू होते, आणि त्यातले एक अक्षर उपयोगाला येत नव्हते. डोक्यात एकच वाक्य: पायाखाली जमीन नाही.

हे हृदयाचे आहे की भीतीचे, हे त्या क्षणी पाण्यात कोणालाही सांगता येत नाही. प्राध्यापकालाही नाही. म्हणून ओळखत बसायचे नाही, आधी थांबायचे. मी पाठीवर वळले. वेटसूट तरंगवतो, बुडू देत नाही. हात वर केला. दहा-बारा सेकंदांत एक कयाक आली. तिचे टोक मी दोन्ही हातांनी धरले.

नियम असा आहे, की कयाकला, फळीला किंवा फुग्याला धरून हवा तितका वेळ विसावा घेता येतो, फक्त त्यांच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांना वाटते, हात वर केला म्हणजे शर्यत संपली, म्हणून ते हात वर करत नाहीत. माझ्या मते या लेखातले एवढे एकच वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

कयाकवर कॉलेजातला मुलगा होता. त्याने नाव विचारले, छातीत दुखते का विचारले, हातात किंवा जबड्यात दुखते का विचारले. दुखत नव्हते. खोकला नव्हता. मग तो म्हणाला, "घाई काही नाही, मी इथेच आहे." मी तोंड पाण्यात घातले आणि बुडबुडे सोडले. वायएमसीएच्या भिंतीला धरून सोडत होते तसेच. एक, दोन, तीन. दहापर्यंत मोजले. पुन्हा दहा. विसाव्या की पंचविसाव्या रेचकानंतर कानातले ठोके कानातून खाली छातीत गेले. तरुणांची तुकडी निघून गेली होती. पाणी मोकळे झाले होते. त्या मुलाला विचारले, "किती वेळ झाला?" तो म्हणाला, "दोन मिनिटे असतील." मला ती पाऊण तासाची वाटली होती.

मी कयाक सोडली. पुढचा फुगा तेवढा बघायचा, त्याच्या पलीकडचा नाही, असे ठरवून निघाले. दोनदा छातीवर पोहून श्वास सावरला. धक्क्याच्या बाजूला तोंड वळवून श्वास घेत होते, दर वेळी वरून चालणाऱ्या माणसांचे पाय दिसत. शेवटच्या शिडीशी दोन स्वयंसेवकांनी दंडांना धरून वर काढले. २९ मिनिटे. आमच्या ह्यांना तोपर्यंत खरी मी सापडले होते.

सायकलीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लेक शोअर ड्राइव्ह, ज्याला २०२१ पासून शिकागोचा पहिला स्थायी रहिवासी डुसाब्ल याचे नाव जोडले आहे, त्या दिवशी सकाळी मोटारींना बंद असतो. ज्या रस्त्यावर चाळीस वर्षे आपण ब्रेकवर पाय ठेवून रखडलो तो संपूर्ण रिकामा, एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला उंच इमारती. एवढ्यासाठीसुद्धा प्रवेशशुल्क, जे माझ्या मते भलतेच महाग आहे, द्यायला हरकत नाही. हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, पुढच्याच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने जायचे नाही, उजवीकडून चालवायचे. माझी सायकल साधी, पॅडल साधे, वेग तासाला वीस किलोमीटरच्या आसपास. शेजारून मोटारीच्या किमतीच्या सायकली सूं करून जात होत्या. खाण्यासाठी लोक पुड्यांतले गोड चिकट रस चोखतात. मी खजूर आणि शेंगदाण्याचा एक लाडू नेला होता. दोन-अडीच तासांच्या कामाला सकाळची न्याहारी आणि एवढे पुरते.

सायकलवरून उतरून धावायला लागलात की पाय आपले नाहीत असे वाटते. तासभर एका चक्राकार हालचालीत अडकलेल्या स्नायूंना नवी चाल सापडायला काही मिनिटे लागतात. सरावात सायकलनंतर लगेच दहा मिनिटे धावले की सवय होते. मी चार मिनिटे धावायची, एक मिनिट चालायची. धावण्याचा भाग आम्हा बायकांसाठी खरा औषधी. पोहण्याने आणि सायकलने दम वाढतो, पण हाडांवर भार पडत नाही. हाडे घट्ट राहायला पाय जमिनीवर आपटावे लागतात आणि वजने उचलावी लागतात. तीन खेळ आळीपाळीने केल्यामुळे एकाच सांध्यावर रोज मार बसत नाही, हा या खेळाचा मला जाणवलेला सर्वांत मोठा फायदा.

माझ्या वयोगटात तिघी होत्या. मी तिसरी आले. तिसऱ्या क्रमांकाचे पदक मिळते, तिघींत तिसरी आलात तरी मिळते. माझ्या पुढच्या दोघींपैकी एकीशी नंतर गप्पा झाल्या. ती सिस्टर मॅडोना बुडरचे नाव घेऊन आली होती. ही जोगीण बावन्नाव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन पळाली आणि २०१२ मध्ये ब्याऐंशीव्या वर्षी आयर्नमॅन. जपानचे हिरोमु इनाडा साठीत पोहायला शिकले, सत्तरीत पहिली ट्रायथलॉन केली, आणि २०१८ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी हवाईची जागतिक शर्यत पूर्ण केली. मी त्या दोघांच्या रांगेतली नाही आणि व्हायचेही नाही. मला पुढच्या ऑगस्टमध्ये कयाक न धरता ७५० मीटर करायचे आहे. धरावी लागली तर धरेन.

तोपर्यंत हिवाळा आहे. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेनऊला वायएमसीएचा प्रौढांचा वर्ग असतो. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे सगळीकडे मिळतात, त्याची काळजी करू नका. तलावात कोणाला कोणाकडे बघायला वेळ नसतो. नोव्हेंबरपासून मंडळातल्या चौघी येऊ लागल्या आहेत, सगळ्यांत मोठी सत्त्याहत्तर वर्षांची. तिघी अजून भिंतीला धरून बुडबुडे सोडतात. चौथीने परवा भिंत सोडली, चार हात गेली, उभी राहिली आणि पाणी तिच्या कमरेइतकेच होते.